नाही म्हणायला वित्त विभाग

राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे की ती ओसंडून वाहते आहे, हे तुम्ही अध्यक्षांच्या कोणत्या हाताला बसता यावर ठरतं. उजव्या हाताला बसलात तर महाराष्ट्र एक ट्रिलियन डॉलरच्या अर्थव्यवस्थेच्या उंबरठ्यावर असतो; डाव्या हाताला बसलात तर दिवाळखोरीच्या. २०१९ पासून या बाकांची इतकी अदलाबदल झाली आहे की बऱ्याच आमदारांना दोन्ही भाषणं तोंडपाठ आहेत. पान चुकलं तरी वाचता येतं.

पण या भांडणात खर्चाला विरोध कोणाचाच नाही. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी बुंदेलखंडातल्या सभेत रेवडी संस्कृतीपासून देशाला सावध केलं. दोन वर्षंही पुरी झाली नाहीत आणि त्यांच्याच पक्षाच्या महायुतीने अतिरिक्त अर्थसंकल्पात ‘माझी लाडकी बहीण’ आणली. महिलांना महिना १५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींची घोषणा. राज्य बुडालं, असा गळा विरोधकांनी काढला. नोव्हेंबरात विधानसभा निवडणुकीचे जाहीरनामे आले. महायुती म्हणाली, २१०० देऊ. महाविकास आघाडी म्हणाली, आम्ही ३००० देऊ. म्हणजे जे राज्य १५०० देऊन बुडत होतं, ते ३००० देऊन तरणार होतं! अर्थशास्त्राचं नोबेल यापेक्षा कमी कामावर दिलं गेलं असेल.

मतदारांनी व्यवहार पाहिला. हातात पडलेले १५०० हे जाहीरनाम्यातल्या ३००० पेक्षा जास्त असतात. महायुती दणक्यात निवडून आली.

पुढच्या मार्चमध्ये अर्थसंकल्प आला. त्यात २१०० नव्हते आणि योजनेची तरतूद ४६ हजार कोटींवरून ३६ हजार कोटींवर आली होती. मग सरकारला एकाएकी नियम आठवले. पडताळणी झाली, २६ लाखांवर नावांचे हप्ते थांबले. यादीत चौदा हजारांहून अधिक पुरुष निघाले. हे लाडके भाऊ महिनोन्‌महिने बहीण म्हणून पैसे घेत होते आणि ओवाळणीच्या घाईत कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. मग ई-केवायसी सक्तीची झाली. निवडणुकीआधी पात्रता तपासायला वेळ नव्हता. निवडणुकीनंतर वेळ निघाला, तेव्हा पैसा नव्हता.

सरकारचं उत्तर ठरलेलं आहे: राजकोषीय तूट राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत, कर्ज वीस टक्क्यांच्या खाली, सगळं मर्यादेत. आकडे खरे आहेत. पण २०२५-२६ च्या त्याच अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूटही लिहिलेली आहे. म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं हा चालू खर्च भागवायलाच उत्पन्न पुरत नाही. रस्त्यासाठी, धरणासाठी कर्ज काढलं तर नातवाला निदान रस्ता तरी मिळतो. चालू महिना ढकलायला काढलेल्या कर्जातून नातवाला फक्त हप्ता मिळतो. राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेलं आहे आणि वर्षाचं व्याज साठ हजार कोटींच्या वर. खरी लाडकी हीच. तिची तरतूद कमी होत नाही आणि तिला ई-केवायसीही लागत नाही.

एवढं सगळं निदान मार्चच्या अर्थसंकल्पात तरी दिसतं. खरी गंमत पुरवणी मागण्यांत असते. मार्चमधला अर्थसंकल्प म्हणजे लग्नाची पहिली यादी: पन्नास पानं, घरगुती कार्य. मग एकेक मामा दहा-दहा माणसं वाढवत जातो. २०२४-२५ चा अर्थसंकल्प ६ लाख १२ हजार कोटींचा होता. निवडणुकीच्या तोंडावर जुलैत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, निकालानंतर डिसेंबरात ३५,७८८ कोटींच्या, मार्चमध्ये आणखी साडेसहा हजार कोटींच्या आसपास. बेरीज १ लाख ३७ हजार कोटी, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. यातला काही भाग नुसता पुस्तकी फिरवाफिरवीचा असतो, काही केंद्राच्या पैशांचा असतो, हे मान्य. पण अंदाजाला पाचवा हिस्सा ठिगळ लागत असेल, तर अंदाज कोणी केला हे विचारायला हरकत नसावी. देवेंद्र फडणवीस यांनी २०२० मध्ये, विरोधी पक्षनेते असताना, अर्थसंकल्प सोप्या भाषेत समजावणारं पुस्तक लिहिलं होतं. नव्या आवृत्तीत पुरवणी मागण्यांवर एक प्रकरण घालावं. भाषा अवघड असली तरी चालेल.

अंदाज कोणी केला, हे विचारायचं काम विरोधकांचं. पण विरोधक असतात विधान भवनाच्या पायऱ्यांवर. कॅमेरे तिथे असतात. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात त्यांनी बनियन-टॉवेल घालून निदर्शनं केली. त्याच अधिवेशनात ५७ हजार कोटींहून जास्त पुरवणी मागण्या आल्या. लोकांच्या लक्षात काय राहिलं? टॉवेल. आणि रमी.

रमीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत फिरली. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो. आपोआप उघडलेला खेळ बंद करत होतो. त्यांच्यावर विश्वास ठेवायला हवा. आपोआप उघडलेली गोष्ट स्वतःच्या हाताने बंद करणारा मंत्री आपल्याकडे विरळा! त्याला वित्त खातंच द्यायला हवं होतं, दिलं क्रीडा खातं. चित्रफीत फिरली त्याच आठवड्यात एक रुपयातल्या पीकविम्यावर बोलताना, रुपया सरकार घेतं, तेव्हा भिकारी सरकार आहे, शेतकरी नव्हे, असंही ते बोलून गेले. टीकेचा गदारोळ उठला. अख्ख्या पावसाळ्यातलं राज्याच्या तिजोरीबद्दलचं सगळ्यात रोखठोक विधान तेवढंच होतं आणि तेही चुकून झालं होतं.

तो रुपयाचा विमाही आता गेला. २०२३ च्या अर्थसंकल्पात तो वाजतगाजत आला, २०२५ च्या खरिपात गुपचूप निघून गेला. सणासुदीला शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ही आटला. योजना सुरू होते तेव्हा फलक लागतो, त्यावर तीन नेत्यांचे फोटो असतात. ती बंद होते तेव्हा फलक लागत नाही. फोटोसाठी एकही नेता मिळत नाही.

खर्चाला खरा विरोध ऐकायचा तर मंत्रिमंडळातच जावं लागतं. सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी लाडक्या बहिणीकडे वळले, तेव्हा सगळ्यात मोठा आवाज विरोधकांचा नव्हता, त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांचा होता. तिकडे कंत्राटदारांच्या संघटना म्हणतात, आमची ८९ हजार कोटींची बिलं थकली आहेत. हा आकडा त्यांचा आहे आणि त्यावर वाद होऊ शकतो. पण सरकारने घोषणा करायची, काम उरकून घ्यायचं आणि बिलाला ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ असं उत्तर द्यायचं, या पद्धतीवर वाद नाही. हेही कर्जच, फक्त ते ना अर्थसंकल्पात दिसतं, ना तीन टक्क्यांच्या मर्यादेत मोजलं जातं.

आपल्याकडे आर्थिक नेतृत्व म्हणजे ‘हो’ म्हणण्याची कला. ‘नाही’ म्हणायचं काम मंत्रालयातल्या वित्त विभागाच्या टेबलावर ढकललेलं आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी २० हजार कोटींचा प्रस्ताव आला, तेव्हा वित्त विभागाने कर्जाच्या बोजाबद्दल सावध केल्याच्या बातम्या छापून आल्या. मंत्रिमंडळाने अभिप्राय वाचला असावा. प्रस्ताव मंजूर झाला. त्या विभागाचा अभिप्राय हल्ली सिगारेटच्या पाकिटावरच्या सूचनेसारखाच छापला जातो. लिहिणाऱ्याचं कर्तव्य संपतं, ओढणारा ओढत राहतो.

मग पैसा आणायचा कुठून? जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने उत्तर शोधलं. दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज बांधला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची सगळ्यात स्वस्त क्वार्टर २०५ रुपयांवर गेली. यावर ना विरोधक पायऱ्यांवर बसले, ना त्यांनी टॉवेल गुंडाळला. पिणाऱ्याच्या बाजूने उभं राहायची हिंमत कोणत्याच पक्षात नाही. तेव्हा हिशेब आपणच करू. बहिणीच्या खात्यात महिन्याला १५०० येतात. त्याच घरातला भाऊ महिन्याला दहा क्वार्टर रिचवत असेल, तर बाटल्यांचे २०५० आणि शेंगदाण्यांचे पन्नास. झाले २१००. निवडणुकीत ठरलेला आकडा तंतोतंत जुळला; फक्त देणारं सरकार आणि घेणारं घर यांनी जागा बदलल्या.