उसनवारीचे कलम
भारतीय करार कायदा, 1872 मध्ये ‘निक्षेप’ म्हणजे विशिष्ट कामापुरती, काम होताच परत मिळावी या बोलीवर वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे, अशी संकल्पना असून, कलम 160 नुसार काम संपताच, मागणीची वाट न पाहता, ती परत करणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते. गृहनिर्माण सोसायटीत मात्र हे कलम बहुधा जिन्यातच अडखळते. कारण पडद्याच्या दांडीसाठी ‘पाच मिनिटांत आणून देतो’ म्हणून नेलेल्या ड्रिल मशीनचे काम दिवाळीआधीच उरकले, तरी पुढेमागे घड्याळ टांगायचे असल्याने प्रयोजन अपूर्णच राहते. दरम्यान मशीन तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर पोहोचते आणि मालकाला स्वतःचेच यंत्र ‘जरा मिळेल का’ अशा अजीजीने मागावे लागते. (ते मिळते, पण 6 मिलिमीटरचा बिट आणि चकची चावी वगळून.) कलम 163 तर वस्तूपासून झालेली वाढही, उदाहरणार्थ सांभाळायला दिलेल्या गाईचे वासरू, मालकाला देववते, घट झाल्यास मात्र शेजारधर्माचे संकेत अधिक उदार असून, ‘मशीन आधीपासूनच असा आवाज करायचे’ हा त्यातील सर्वमान्य बचाव होय.