जीर्णोद्धारक

जगात जुगारी पुष्कळ आहेत, आणि जुगाराचा तिटकारा करणारे सज्जनही काही कमी नाहीत. परंतु उभ्या आयुष्यात एका पैशाची पैज न लावलेला, दिवाळीत सारे घर पत्त्यांच्या डावात रंगले असता कोपऱ्यात बसून पंचांग चाळणारा, आणि असे असूनही आपल्या तळघरात जुगाराची अकरा यंत्रे पोटच्या पोरांप्रमाणे जपणारा गृहस्थ मी एकच पाहिला, व तो दुर्दैवाने, म्हणजे त्याच्या दुर्दैवाने, माझा साडू आहे.

साडू मूळचे सातारचे. वडील तेथील कचेरीत कारकून. घरात पत्त्यांचा जोड सापडल्यास त्याचा रीतसर पंचनामा करून तो स्नानाच्या बंबात घालावयाचा, अशी त्या घराण्याची वहिवाट. या कडक अंमलाखाली वाढून, सांगलीस अभियांत्रिकीची पदवी घेऊन साडू अमेरिकेस गेले, शिकागोच्या एका उपनगरात स्थिरावले आणि पंपांचे आराखडे काढता काढता सेवानिवृत्तीस पात्र झाले. तोपर्यंत त्यांच्या चारित्र्याला बट्टा लागेल असे काहीही घडले नव्हते. मग एके दिवशी शेजारच्या वृद्ध गृहस्थाने घर सोडताना गराजमधील अडगळ वाटून टाकली आणि तिच्यातून निघालेली एक लोखंडी, अवजड, उंदरांनी घाण केलेली पेटी पाहून साडूंनी सहज विचारले, "चालते का?" वृद्ध म्हणाला, "नाही." हा नकार काही मनुष्यांना पुरे होतो, काहींच्या मात्र तो थेट काळजाला भिडतो, आणि अशा मनुष्यांच्या घरातून त्यानंतर रॉकेलचा वास कधीही जात नाही.

ती पेटी म्हणजे नाणे टाकून दांडा ओढावयाचे, तीन चाकांचे जुगाराचे यंत्र होते. त्या मुलखात यास 'एकहाती दरोडेखोर' असे नाव आहे, कारण त्याला एकच हात असतो आणि तेवढा त्याला पुरतो. माझा अशा यंत्रांशी आलेला संबंध म्हटला तर रेल्वे स्थानकावरील लाल-निळ्या दिव्यांच्या वजनकाट्यापुरता. त्याने एकदा मला माझे वजन चुकीचे आणि भविष्य त्याहून चुकीचे छापून दिले होते, म्हणून त्या जातीविषयी माझे मत प्रतिकूलच होते. ही हकीकत साडूंना सांगताच ते प्रसन्न झाले. "अण्णा, म्हणजे तुमचे आमचे एकच गोत्र! वॉटलिंग कंपनी येथली, शिकागोचीच. ती जुगाराची यंत्रे करी आणि वजनाचे काटेही करी."

येथे सांगितले पाहिजे की जीर्णोद्धारकाला प्रश्न विचारणे धोक्याचे, आणि न विचारणे निरुपयोगी. साडूंनी मला विमानतळावरून घरी नेईपर्यंतच त्या यंत्रांचा कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून ऐकविला. मूळ पुरुष चार्ल्स फे, बव्हेरियातून आलेला कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने सॅन फ्रान्सिस्कोत 'लिबर्टी बेल' नावाचे तीन चाकांचे यंत्र घडविले, आणि 1906 च्या भूकंपात त्याचा कारखाना नष्ट झाला. हे सांगताना साडूंचा आवाज असा खाली आला की गेलेला मनुष्य त्यांचा सख्खा चुलता असावा. पुढे ही गादी शिकागोच्या मिल्स कंपनीकडे आली आणि मिल्स, वॉटलिंग, जेनिंग्ज अशा घराण्यांमुळे ते शहर या विद्येची काशी झाले. चाकांवर चेरी, लिंबू, संत्रे, आलुबुखार ही फळे का, तर जुगारबंदीच्या कायद्याला हुलकावणी देण्यासाठी ही यंत्रे चघळावयाचा फळांच्या स्वादाचा गोंद देतात अशी मखलाशी केली जाई. आणि 'बार' म्हणून जी काळी पट्टी चाकावर दिसते, ती त्या गोंदाच्या वेष्टनावरील छाप्याची वंशज. "म्हणजे कायद्याने गुन्हा, पण गोंद विकत घेतला म्हणून व्यापार?" मी विचारले. साडू म्हणाले, "वडिलांच्या कचेरीत असले दस्तऐवज रोज येत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी 1931 सालच्या 'वॉर ईगल'चे, म्हणजे छातीवर पंख पसरलेला गरुड मिरविणाऱ्या मिल्सच्या यंत्राचे, मागील दार उघडून मला आत पाहावयास लाविले, आणि मी प्रतिकूल मत घेऊन वाकलो तो बराच वेळ वाकलेलाच राहिलो, हे कबूल करणे भाग आहे. आत विजेची एक तार नाही. नाणे पडले की दांड्याचा अडसर सुटतो. दांडा ओढला की स्प्रिंगा ताणल्या जाऊन तिन्ही चाकांना एकदम लाथ बसते. पंख्यासारखी पाती असलेले एक घड्याळ फिरू लागते आणि ते आपल्या संथ हिशेबाने एकामागून एक खटका सोडते, तसतशी चाके डावीकडून उजवीकडे थांबत जातात. मग चाकांच्या अंगच्या चकत्यांमधील भोके काही लोखंडी बोटे चाचपून पाहतात, आणि भोक सापडल्यास नळकांड्याच्या तळाच्या पट्ट्या सरकून मोजकी नाणी खाली वाडग्यात पडतात. प्रत्येक चाकाला वीस खाचा. तीन चाकांच्या मिळून 8,000 जुळण्या. म्हणजे एखादे चित्र प्रत्येक चाकावर एकदाच असेल तर ते तिन्ही ठिकाणी एकसमयावच्छेदेकरून येण्याचा योग आठ हजारांत एक. आमच्याकडील बड्या दप्तरांत अर्ज निकालात निघण्याचे प्रमाण साधारण असेच पडते, परंतु तेथे दांडा ओढण्याचे सुख नसते.

या सौंदर्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र मेहुणीच्या स्वयंपाकघरातून जातो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे ग्रीस वाळून लाखेसारखे कडक होते. ते सोडविण्यास सुटे भाग रॉकेलात भिजवावे लागतात, दातांच्या ब्रशाने घासावे लागतात, मंद आचेवर कोरडे करावे लागतात. आणि कोणता स्क्रू कोणत्या खटक्याचा याचा घोळ होऊ नये म्हणून ते वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावे लागतात. या शेवटच्या कामासाठी सोळा खळग्यांच्या इडलीपात्रासारखे साधन परमेश्वराने निर्मिले नाही, असा शोध साडूंना लागला. त्या घरात तेव्हापासून इडली झालेली नाही. "भावोजी, यांना आपल्या लग्नाची तारीख विचारा बरं," मेहुणी म्हणाली. आणि साडूंनी ती बिनचूक सांगितली, पण ती वॉटलिंगच्या 'रोल-अ-टॉप'चे दांडाघर पहिल्यांदा उघडले त्याच्या दोन दिवस आधीची, अशी.

या लोकांत दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात शैव-वैष्णवांइतके हाडवैर आहे. पहिला पंथ यंत्राचा जुना रंग खरवडून, ओतीव पत्रा आरशासारखा घासून, ते कारखान्यातून निघाले त्या दिवसाहून नवे करतो. दुसऱ्या पंथाला घासलेली झळाळी म्हणजे जुन्या देवळाला ऑइल पेंट फासल्यासारखी वाटते. हजारो तळहातांनी झिजविलेला दांडा, सिगारेटच्या जळक्या खुणा पडलेली ओकची पेटी, हेच त्याला पूज्य. साडू दुसऱ्या पंथाचे. शिकागोच्या आसपास या यंत्रांचा बाजार भरतो, तेथे त्यांनी मला नेले. त्या तीन तासांत त्यांनी एक छोटी स्प्रिंग खरेदी केली आणि पहिल्या पंथाच्या एका निवृत्त दंतवैद्याशी उभ्या उभ्या कायमचा स्नेह तोडला. परतताना म्हणाले, "दात नवे बसवणाराच माणूस, दुसरे काय करणार!"

कायद्याविषयी ते फार दक्ष. 1951 च्या जॉन्सन कायद्याने ही यंत्रे मनाई असलेल्या राज्यांत नेण्यास बंदी झाली. त्याही आधी, 1934 साली, न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी जप्त केलेल्या यंत्रांवर स्वहस्ते घण घातले. त्या प्रसंगाचे छायाचित्र साडूंनी तळघरात लाविले आहे, आणि त्याकडे ते पानिपताच्या नकाशाकडे पाहावे तसे पाहतात. इलिनॉय राज्यात मात्र 25 वर्षांहून जुने यंत्र पुराणवस्तू म्हणून बाळगता येते, त्यावर जुगार चालविला नाही म्हणजे झाले. ही अट साडू अक्षरशः पाळतात. यंत्राशेजारी पाच सेंटांच्या नाण्यांची एक वाटी असते. खेळणाऱ्याने तीतील नाणे घ्यावे, आणि जे पडेल ते वाटीत परत टाकावे. माझी तीन संत्री लागून दहा नाणी खणखणली, तेव्हा मी ती खिशात घातली. साडूंनी ती माझ्या खिशातून मोजून काढली. प्रत्येक ओढीची नोंद एका रोजकीर्दीत होते, तारीख, वेळ, तिन्ही चित्रे आणि ओढणाऱ्याचे नाव यांसह. त्या वहीत मेहुणीच्या नावावर एकच नोंद आहे, आणि तिच्यापुढे 'लिंबू, लिंबू, लिंबू. जेवण तयार' असा शेरा आहे.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात, शनिवारी रात्री, वॉर ईगल पुन्हा उघडलेले असता साडूंची कानस हातातच थबकली. तिसऱ्या चाकाच्या वीस खाचांपैकी एक खाच नखाएवढ्या पत्र्याच्या तुकड्याने बुजविलेली होती. तेथील लोक या तुकड्याला 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. यंत्र दुकानात ठेवणारा मालक तो गुपचूप बसवी, म्हणजे ते चाक जॅकपॉटच्या चित्रावर थांबणेच अशक्य होई. ज्या यंत्राची साडूंनी सात वर्षे पूजा केली, ज्याच्या ओढी त्यांनी इमानेइतबारे खतावल्या, त्यातून तो आठ हजारांतील एक योग कधी येणारच नव्हता.

मला वाटले, ते तो तत्काळ उपटून फेकतील. परंतु जीर्णोद्धारकाची सदसद्विवेकबुद्धी सामान्य माणसाहून गुंतागुंतीची असते. तो तुकडाही जुना होता, त्यावरील गंज अस्सल होता, आणि अस्सल वस्तू काढावयाची नाही हे त्यांच्या पंथाचे पहिले व्रत. ते रात्री एकपर्यंत स्टुलावर बसून होते. शेवटी म्हणाले, "अण्णा, यंत्र लबाडच आहे. पण आठ हजारांत एकदा द्यायचे, ही कारखान्याची लबाडी; ती त्याने आराखड्यात मांडली आहे, मोजून मांडली आहे. ती मी जपतो. ही दुसरी कुणा दुकानदाराची. ही भेसळ आहे." आणि वडिलांच्या कचेरीस शोभेल अशा गांभीर्याने त्यांनी तो तुकडा चिमट्याने काढून पाकिटात घातला, पाकिटावर तारीख, वेळ व मुद्देमालाचे वर्णन लिहिले, आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

पुण्यास परतल्यावर चार महिन्यांनी त्यांचे पत्र आले. प्रकृती, हवामान, बर्फ यांविषयी दोन ओळी होत्या, आणि मग मुख्य मजकूर: किडा काढल्यापासून 2,316 ओढी झाल्या, जॅकपॉट अद्याप लागलेला नाही, परंतु आता तो लागू शकतो. खाली मेहुणीच्या अक्षरात ताजा कलम होता: "भावोजी, ताईला येताना इडलीपात्र आणायला सांगा. दोन आणा."