टिक काढा, नेटवर्क सुधारा

वायरशार्कच्या कर्त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. 1998 साली ‘इथरियल’ नावाने जन्मलेल्या या साधनाने तारेवरून धावणारे प्रत्येक पॅकेट उलगडून दाखवण्याचा विडा उचलला आणि सोबत ‘एनेबल्ड प्रोटोकॉल्स’ ही खिडकीही दिली. हजारोंची यादी, प्रत्येकापुढे एक चौकट. टिक काढली की तो प्रोटोकॉल उलगडणे बंद. पॅकेट येतच राहते, फक्त निमूट बाइट होऊन पडते.

एका कार्यालयाने या सोयीचा केलेला उपयोग अनुकरणीय आहे. टीसीपी सारखा ‘रिट्रान्समिशन’च्या काळ्या ओळी दाखवी. टिक काढली, नेटवर्क त्याच दुपारी निर्दोष झाले. डीएनएसची बडबड फार, म्हणून तोही गेला. मग एका दूरदर्शी साहेबांनी थेट आयपीलाच हात घातला. आयपीच उलगडला नाही तर त्यावरचे टीसीपी, यूडीपी, एचटीटीपी आपसूक गप्प बसतात. एका टिकेत सगळ्या तक्रारी निकाली! (तक्रार निवारण कक्षाने याची नोंद घ्यावी.) इथरनेटची टिक काढण्याचा प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे.

तिमाही अहवालात दोष शून्य. त्याच आठवड्यात ग्राहकांची संपूर्ण यादी डीएनएसच्या प्रश्नांत बारीक तुकडे होऊन बाहेर गेली. ती नेणाऱ्याचा कसून शोध चालू आहे. साहेबांना त्याला सल्लागार नेमायचे आहे. एकही काळी ओळ न उमटवता काम पुरे करणारा या कार्यालयातला तो पहिलाच माणूस.