भाबड्या बटणाची थोरवी

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक बटण असायचं: ‘माझा माग काढू नका’. ते दाबलं की ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला पान मागताना सोबत ‘डीएनटी: 1’ एवढाच निरोप धाडी. अडवणं नाही, पुसणं नाही, लपवणं नाही. सोसायटीच्या फाटकावर ‘विक्रेत्यांना सक्त मनाई’ अशी पाटी लावावी तसा हा प्रकार. पाटी मानायची की नाही, हे विक्रेत्यानंच ठरवायचं. जाणकारांनी याला खुळेपणा म्हटलं. या खुळेपणाची स्तुती व्हायला हवी.

2009 मध्ये ख्रिस्तोफर सोघोइयन, सिड स्टॅम आणि डॅन कामिन्स्की या संशोधकांनी ही कल्पना पुढे आणली आणि 2011 मध्ये फायरफॉक्सनं ती उचलली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं आपल्या ब्राउझरमध्ये ते बटण आधीपासूनच चालू ठेवलं, तेव्हा जाहिरातवाले म्हणाले, ही वापरणाऱ्याची इच्छाच नव्हे! 2014 मध्ये याहूनं हा निरोप ऐकणं सोडलं. वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा यावरचा गट वर्षानुवर्षं वाद घालून 2019 मध्ये बंद झाला. त्याच वर्षी अ‍ॅपलनं सफारीतून हे बटण काढलं. कारण ऐकण्यासारखं आहे: ‘मला ओळखू नका’ ही विनंतीच माणूस ओळखायला उपयोगी पडू शकत होती.

ते खरंच होतं. स्क्रीनचा आकार, बसवलेले फॉन्ट, घड्याळाचा प्रदेश असे तपशील जुळवले की कुकीशिवायही ब्राउझरचा ठसा उमटतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या 2010 च्या प्रयोगात 83.6 टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. इन्कॉग्निटो खिडकी इतिहास लपवते तो आपल्याच संगणकावर बसणाऱ्या दुसऱ्यापासून. वेबसाइटला आपण दिसतोच. सफारी आणि फायरफॉक्स माग काढणाऱ्या त्रयस्थांच्या कुकी रोखतात, टॉर ब्राउझर सगळ्यांना शक्य तितकं एकसारखं दाखवतो. ही साधनं जरूर वापरावीत, त्यांनी फरक पडतो. पण त्यांत कुलूप नवं की किल्ली नवी, ही शर्यत संपत नाही, आणि ज्याला सेटिंग कळत नाही तो उघडाच राहतो.

भाबड्या विनंतीनं दुसरंच काम केलं. तिनं नकार नोंदवून ठेवला. कुलूप फोडणारा हुशार ठरतो. स्पष्ट नकार ऐकूनही आत शिरणाऱ्याला मात्र जाब विचारता येतो. 2020 मध्ये याच विनंतीचा नवा अवतार आला, ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल, आणि कॅलिफोर्नियात त्याच्या पाठीशी कायदा उभा राहिला. तो संकेत न पाळल्याच्या आरोपावरून सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला 2022 मध्ये 12 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. 2023 मध्ये बर्लिनच्या न्यायालयानं तर लिंक्डइनला सुनावलं, की ब्राउझरनं पाठवलेला जुना ‘डीएनटी’ निरोपसुद्धा कायद्यानं ग्राह्य नकार आहे. सगळ्यांनी दुर्लक्षिलेलं बटण न्यायालयात बोललं!

भारतानं 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा केला तो संमतीच्या पायावर. संमती घेण्यासाठी पडदाभर चौकट येते. मग ब्राउझरनं आपल्या वतीनं एकदाच दिलेला नकारही इथल्या कंपन्यांना बंधनकारक असायला हवा. फायरफॉक्सनं 2025 मध्ये जुनं बटण काढून टाकलं, पण डेटा विकू नका, वाटू नका असं वेबसाइटना सांगणारा पर्याय तिथेच आहे. त्याच्यापुढची चौकट रिकामी असेल, तर आज तिथे खूण करा.