आमच्या सोसायटीतल्या वेलनेस कोच ताईंना अनावृत पत्र

आदरणीय कोच ताई,



ए विंगच्या तळमजल्यावर, पूर्वी झेरॉक्सचे दुकान होते तिथे, आपण न्यूट्रिशन क्लब थाटलात आणि सोसायटीचे भाग्य उजळले. रोज सकाळी साडेसहाला दाराबाहेर चपलांचा खच पडतो, आतून मिक्सर घरघरतो आणि टाळ्या ऐकू येतात. अर्धा किलो उतरल्याबद्दल टाळ्या वाजवणारी माणसे पाण्याच्या टँकरवरून एकमेकांची उणीदुणी काढायची विसरली, हे आपले पहिले उपकार.

भिंतीवरच्या फोटोंचा मी बारकाईने अभ्यास केला. 'आधी'च्या फोटोत माणूस ढगळ बनियनमध्ये, पोट सोडून, नुकतीच वीजबिलाची रक्कम कळल्यासारखा. 'नंतर'च्या फोटोत शर्ट इन केलेला, श्वास रोखलेला आणि दोन्ही अंगठे वर. मधे फक्त दहा दिवस! त्या दहा दिवसांत उतरलेल्या किलोंमध्ये बराच भाग पाण्याचा असतो, हे कुणी कुजबुजले तर दुर्लक्ष करावे. शरीरात साठवलेले ग्लायकोजेन संपते आणि दर ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी सोबत घेऊन जाते. पण काटा काही पाणी आणि चरबी वेगवेगळी दाखवत नाही, आणि आपणही दाखवत नाही.

जेवणाऐवजी शेक पाजण्याची आपण शोधलेली विद्या मात्र जुनी आहे. १९७६ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट लिन यांनी 'द लास्ट चान्स डाएट' नावाचे पुस्तक काढले. जेवण बंद, फक्त प्रोटीनचे द्रव. ते प्रोटीन जनावरांच्या कातडी-कंडरांपासून काढलेले. लोक झपाझप बारीक झाले आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात अशा द्रवांवर राहिलेल्या साठेक जणांच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यांतल्या कित्येकांचे हृदयाचे ठोके बिघडले होते. पुस्तकाने नावातच सगळे सांगून ठेवले होते म्हणा. आजच्या पावडरी त्या मानाने सज्जन आहेत. प्रोटीन बरे असते, जीवनसत्त्वे आणि क्षारही घातलेले असतात.

आणि ताई, खरे तेही सांगतो, नाहीतर आपण मला पोळीभाजी-पक्षाचा म्हणाल. दिवसाला आठशेच्या आसपास कॅलरींचे शेक आणि सूप देऊन ब्रिटनमध्ये फार मोलाचे काम झाले आहे. प्रा. रॉय टेलर आणि प्रा. माइक लीन यांच्या 'डायरेक्ट' प्रयोगात, मधुमेह होऊन सहा वर्षे उलटलेली नाहीत अशा लोकांना तीन ते पाच महिने याच आहारावर ठेवले. वर्षभराने त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी हटली की इन्सुलिनचे गाडे पुन्हा रुळावर येते, असा त्यांचा सिद्धांत. दुसऱ्या वर्षी ४६ चे ३६ झाले, कारण वजन परत यायला टपलेलेच असते. तरीही ३६ म्हणजे चेष्टा नव्हे.

फरक एवढाच, की तिथे पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आणि पुढे नर्स किंवा आहारतज्ज्ञ सतत लक्ष ठेवून होते. आपल्याकडे दुसऱ्या मजल्यावरचे काका साखरेच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घेत राहिले आणि दोन्ही वेळा फक्त शेक पीत राहिले. मंगळवारी जिन्यातच बसले. शर्ट घामाने चिंब, बोटे अशी थरथरत होती की किल्ली कुलपात जाईना. समोरच्या वहिनींनी साखरपाणी पाजले म्हणून निभावले. आपण ग्रुपवर लिहिलेत, "काकांची बॉडी डिटॉक्स होतेय, अभिनंदन!" खाली एकोणीस अंगठे.

पित्ताशयाचेही जरा पाहावे. पोटात स्निग्ध पदार्थ फारसे जात नाहीत, पित्ताशय रिकामे व्हायचे विसरते आणि वजन भराभर उतरताना खडे होतात. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, तोवर 'नंतर'चा फोटो निघालेला असतो, हे बरेच. आणि शेक सुटल्यावर खायचे काय? 'डायरेक्ट'मध्ये नेहमीचे जेवण काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने परत आणले. आपल्या योजनेत त्या टप्प्याला 'पुढचा डबा' म्हणतात असे दिसते.

तेव्हा विनंती एवढीच. नवा सभासद आला की तो आपल्या हाताखाली आणखी किती सभासद (म्हणजे 'डाउनलाइन') आणेल हे विचारण्याआधी तो गोळ्या कोणत्या घेतो ते विचारा आणि त्याला आधी त्याच्या डॉक्टरांकडे धाडा. मूत्रपिंडाचे दुखणे असलेले, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, यांना टाळ्या वाजवून परत पाठवा. धंदा थोडा कमी होईल, पण त्याचाही 'नंतर'चा फोटो काढता येईल.

आपला,
बी विंगमधील एक जाडा सभासद

ता. क. : क्लबच्या वर्धापनदिनाची पत्रिका मिळाली. खाली 'अल्पोपहाराची सोय केली आहे' असे छापले आहे. शेक की समोसा, तेवढे कृपया कळवावे, म्हणजे घरून खाऊन यायचे की कसे ते ठरवता येईल.