चष्मा काढणारे डॉक्टर

आमच्या घरी दोन डॉक्टर आहेत. एक टीव्हीत, एक टीव्हीसमोर. टीव्हीतले ऑपरेशन थिएटरचं दार ढकलून बाहेर येतात, वरचा लाल दिवा विझतो, बाकावरचं सगळं खानदान उठून उभं राहतं आणि ते सावकाश चष्मा काढतात. टीव्हीसमोरचे, म्हणजे आमचे हे, तेव्हा सोफ्यावर स्वतःचा चष्मा चाचपडत असतात. बहुतेकदा ते त्याच्यावरच बसलेले असतात.

तालुक्याच्या गावी 34 वर्षं दवाखाना चालवलेल्या माणसाशी संसार केल्यावर मला एक कळलं. मालिकेतल्या डॉक्टरला एका वेळी एकच पेशंट असतो. 'हाउस' या अमेरिकन मालिकेचंच घ्या. 2004 ते 2012, एकूण 177 भाग. बहुतेक भागांत मुख्य पेशंट एक आणि त्याच्यावर चार-पाच डॉक्टर. तेही इतके मोकळे, की निदानासाठी चक्क पेशंटच्या घरात घुसून झडती घेतात. लेकीने हे दाखवलं तेव्हा डॉक्टर हळहळले. "बाजाराच्या दिवशी माझ्याकडे ऐंशी पेशंट. कुणाकुणाची कुलपं फोडू?"

त्यांचा खरा राग मेलेली माणसं उठवण्यावर. मॉनिटरवरची रेघ सरळ झाली की टीव्हीतला डॉक्टर शॉक देतो, पेशंट वीतभर उडतो आणि जाहिरातीनंतर बोलायला लागतो. "अगं, सरळ रेघेला शॉक देतच नाहीत!" हे ओरडतात. सासूबाई म्हणतात, "तुला येत नसेल." शेवटी यांनी पुरावा काढला. 1996 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये काही संशोधकांनी तीन अमेरिकन मालिकांत छाती दाबून वाचवायचा प्रयत्न झालेली माणसं मोजली होती. 75 टक्के तिथल्या तिथे वाचली होती. खऱ्या इस्पितळात हे प्रमाण कितीतरी कमी. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि निकाल दिला, "मग मला काही झालं, तर तिकडेच ने."

यांना गावात 'देवमाणूस' म्हणायचे. पण 2020 साली त्याच नावाची मालिका आली. त्यातला बोगस डॉक्टर एकामागून एक खून पाडत गेला, आणि आमच्याकडे ती स्तुती एकदम बंद झाली.

पुस्तकांतले डॉक्टर त्या मानाने माणसांत बसणारे. तरी डॉ. श्रीराम लागूंचं 'लमाण' हे आत्मचरित्र वाचताना मी धास्तावले होते. नाक-कान-घशाची चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून बेचाळिसाव्या वर्षी माणूस नाटकात गेला! नाटकाची हौस यांनाही. पण गणेशोत्सवात यांचं काम पाहिलं आणि माझी काळजी मिटली.

आता निवृत्तीनंतर हे स्वतःच आठवणी लिहितायत. डॉक्टरांच्या आठवणींत कसं, सगळ्यांनी हात टेकलेला पेशंट वीस वर्षांनी पेढे घेऊन येतो. यांची वही मी चोरून वाचली. पहिली चार पानं उधारीची आहेत. पाचव्यावर 'पाटलांचं गालगुंड' एवढंच. कोणते पाटील ते आठवत नाही, गालगुंड आठवतं.

एक गोष्ट मात्र वहीत नाही. कधी मध्यरात्री व्हिजिटहून परतले की हे ओट्याशी उभे राहून चष्मा काढायचे आणि सदऱ्याच्या टोकाने तो पुसत राहायचे, स्वच्छ असला तरी. मी काही विचारायची नाही. चहा टाकायची.

"हे का नाही लिहिलंत?" मी परवा विचारलं.

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" म्हणाले, आणि चष्मा शोधायला लागले.