सायकलवरून वारसा: नवशिक्यांसाठी सोपा मार्ग

पुण्याला समुद्र नाही म्हणून हळहळत बसू नका. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल मुठेत बुडतो, तेव्हा काठावर उभं राहून ती हौस भागवून घ्या. वारसा पेठांमध्ये आहे आणि तो रविवारी सकाळी सायकलवरून पाहायचा असतो.

१. आधी सायकल घ्या. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा ती वाड्यात जिन्याखाली उभी असायची. आता ती मोटारीच्या पाठीला अडकवून पेठेत आणतात. मोटार लावायला जागा शोधत दोन पेठा पालथ्या घातल्यात तर निम्मा वारसा तिथेच बघून होतो.

२. शनिवारवाडा. दिल्ली दरवाजासमोर सायकल आडवी धरून फोटो काढा. दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळासाठी आहेत, तुमच्या हेल्मेटला धोका नाही. एवढ्या सकाळी आत कुणी सोडत नाही, वाईट वाटून घेऊ नका. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. आत जोती आणि हिरवळ. तिकिटाचे पैसे मिसळीला ठेवा.

३. देव. खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा. बरोबरचे लोक नावामागची गोष्ट विचारणारच. कुठलीही सांगा, पण ठासून सांगा. फक्त आसपास कापडी पिशवीवाले काका नाहीत ना, ते बघा. असलेच तर ‘काका, तुम्हीच सांगा’ म्हणून मोकळे व्हा आणि पाऊण तास विसरा.

४. विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ सालचा. लाकडी सुरूदार खांब खरोखर बघण्यासारखे आहेत. त्यासाठी मान वर करावी लागते, आणि बाजीराव रस्त्यावर मान वर केलेला माणूस फार वेळ उभा राहत नाही. फोटो काढा, घरी जाऊन मोठा करून बघा.

५. दगडूशेठ. रस्त्यावरूनच हात जोडा, सेल्फी घ्या. समोरच्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्याच्याकडे पाठ करून उभं राहायची आपली जुनी सवय आहे, त्यामुळे हे आसन नवशिक्यांनाही लगेच जमतं. मोडकळीला आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, स्मारकासाठी. म्हणजे तुमची दहा मिनिटं वाचली.

६. ती मिसळीला लावा. रांगेत नाव सांगितलं की सायकल टेकवायला जागा शोधा. महागड्या सायकलीला घोडी नसते. एखादा वाडा पाडून उभी राहिलेली इमारत बघा. नावात ‘वाडा’ ठेवलेला असेल आणि फाटकाशी जुन्या जोत्याचे दोन घडीव दगड उरले असतील. त्यांची उंची पॅडलला अगदी बरोबर बसते.